जनीच्या हातचा चहा

कातडी घट्ट होत जाणाऱ्या रोगावर सहा वर्षं परदेशात संशोधन करून परतलेल्या डॉ. कमल रेगे रेवसला एस.टी.ची वाट पाहत होत्या. मागं मिठागरावरच्या दोघी बोलत होत्या.

"ठमाबाय, तुजी जाऊ जनी, तिला काय झालेलं गं?"

"कातडी लाकडावानी झालेली. मूठ वळायची न्हाय. लोक म्हनायचे, शाप हाय. तिच्या हातचं पानी कोन पियाचं न्हाय."

"मंग?"

"मुंबईची डाक्टरीनबाय आली. कातडीचा बारीक तुकडा तपासाया नेला. म्हनली, औषध अजून न्हाय, मी शोधते."

"मंग उपेग काय?"

"आलीतल्या सगल्या लोकांसमोर जनीच्या हातचा चा प्याली ना ती! दुसऱ्या दिशी शेजारनी आल्या."

"आता कशी हाय जनी?"

"दोन वर्सं झाली जाऊन. दम पुरला न्हाय. पन मानसांत गेली."

कमलताई वळल्या. "ठमाबाई, मी जनीबाईंनाच भेटायला निघाले होते."

"अगं बाय! तुमी? केस पिकलं की!"

ठमाबाईंनी कमलताईंची पिशवी उचलली.

"चला घरी. जनीची ल्हानगी लेक हाय. तिला आय नीट आठवत न्हाय. तुमी सांगा."