डाव्या डोळ्यातला ठिपका

कृत्रिम डोळे रंगवणाऱ्याच्या खोलीबाहेर मी नंबर लावून बसलो होतो. दार उघडंच होतं. आत नवरा-बायको.

"काका, उजव्या डोळ्यावरून हुबेहूब डावा रंगवलाय. कशानं गेला हो?"

"बुरशीनं. साथीच्या तापात माझी साखर भडकली होती. गाल बधिर झाला, तर आम्ही आपले दाढ धरून बसलो."

"बसलात कसले, चांगली दाढ उपटून आलात! मी म्हणत होते, आधी साखर तपासा."

"झालं ते झालं गं. पण स्वप्नात अजून दोन्ही डोळ्यांनी दिसतं. सगळं निळसर, पाण्याखाली असल्यासारखं."

"मी असते का त्यात?"

"असतेस की. डावीकडेच बसलेली असतेस."

"काकू, नीट बघून घ्या. काही राहिलंय?"

"राहिलंय. घाऱ्या बुबुळात, खाली कडेला, एक काळपट ठिपका होता. अगदी बारीक."

"माझ्या डोळ्यात? तीस वर्षांत कधी बोलली नाहीस!"

"बोलले असते तर तुम्ही आरशात बघितला असता."

"मग?"

"मग तो माझ्या एकटीचा राहिला नसता. दादा, ब्रश अजून जरा खाली. हां, तिथंच. आता हे बघतायत माझ्याकडे."