ताईनं झाकून ठेवलेली गोष्ट

पाळकसाहेब, मंडळीतल्या बंधू-भगिनींनो, आणि विजय नगरातले ताईचे शेजारी, एवढ्या उन्हात तुम्ही आलात. मला दोन शब्द बोलायला सांगितलंय. इतकी वर्षं मी इथंच उपदेश करून राहिलो, पण आज उपदेश नाही करणार.

माझी थोरली बहीण सुमनताई गेली. जन्मभर नर्स म्हणून राबली. तुम्ही तिच्याबद्दल बोललात ते सगळं खरं आहे. पण माझ्याबद्दलही बोललात. म्हणालात, प्रकाशभैयानं बापाच्या उशाशी बसून शेवटची प्रार्थना केली. मंडळी, ते खरं नाही. मी प्रार्थना केली नाही.

आमचे बाबा प्यायचे. आईला मारायचे. मग एक दिवस आम्हाला टाकून गेले. आईच्या मातीलाही आले नाहीत. पुष्कळ वर्षांनी कळलं, बरगी गावाकडे एका खोलीत आजारी पडलेत. ताई गेली आणि त्यांना घरी घेऊन आली. मी चिडलो. काहून आणलं, म्हणून विचारलं. ती म्हणाली, बाप आहे. बस.

शेवटी बाबांनी मला बोलावलं. मी दारातच उभा राहिलो. चप्पलही काढली नाही. त्यांनी विचारलं, "प्रकाश, तू एवढा उपदेश करतोस. माझं तारण होईल का रे?"

काय अवघड होतं उत्तर? दर रविवारी मी तुम्हाला तेच सांगत होतो ना, की प्रभू आपल्याला दोषी ठरवायला नाही, वाचवायला आला? आणि बापाला मी काय म्हटलं?

"तुमचं नाही होणार."

एवढं बोलून मी निघून आलो.

ताईनं ते ऐकलं होतं. तिनं बाबांचा हात धरला. म्हणाली, हा प्रकाशचा राग आहे बाबा, देवाचा नाही. मग तिनंच प्रार्थना केली. हे मला नंतर तिच्याकडूनच कळलं. दोन दिवसांनी बाबा शांतपणे गेले. आणि दफनाच्या वेळी ताईनं सगळ्यांना सांगितलं, माझ्या भावानं प्रार्थना केली. मी गप्प राहिलो. तुम्ही मान दिला, मी घेतला. वर्षानुवर्षं घेतला.

एकदा तिला विचारलं, खोटं काहून बोललीस? म्हणाली, "तुला या मंडळीतून पळून जावं लागू नये म्हणून."

मागच्या आठवड्यात दवाखान्यात ती म्हणाली, प्रकाश, माझ्यासाठी प्रार्थना कर. मी म्हटलं, ताई, प्रार्थना करायला मला तोंड नाही. तिनं डोळे मिटले आणि स्वतःच सुरू केली. धाप लागत होती. तिच्या प्रार्थनेत पहिलं नाव माझं होतं. दुसरं बाबांचं. स्वतःचं नाव तिनं घेतलंच नाही.

पाळकसाहेब, रविवारी उपदेशाला दुसऱ्या कोणाला उभं करा. मी खाली, तुमच्यात बसेन.

आता उभे राहू या. तिचं नाव तेवढं मनात घ्या.