बापाकडचा राखणदार

आई कर्करोगाने गेली, म्हणून रक्त तपासायला मी बीडला आले होते. बाकावर शेजारी नवराबायको लेकीच्या रिपोर्टची वाट पाहत होते.

"डॉक्टरीणबाई काय म्हनल्या, पुन्ना सांग की."

"गाठ रोखायला अंगात दोन राखणदार असतेत. एक आईकडला, एक बापाकडला. माझा बिघडलेला मंजूला गेला असंल, तर तिची राखण एकटा तुमचाच करनार."

"मंग काळजी कशाची?"

"लई हाय! रानातल्या माळ्यावर राखणीला गेलतात, तर रानडुकरांनी सारी ज्वारी खाल्ली तरी घोरतच होतात."

"चार रातीपासून डोळा लागला न्हाई, चंद्रभागा."

"ठावं हाय. मी बी जागीच होते."