जावयाची दोरी आणि नाना पटवेकरी

चहा घ्या, पण हसू नका. गळाचा बारीक धागा जोडायला मासेमारीच्या जाड दोरीला टोकाशी फास लागतो. जावयाच्या परदेशी दोरीला तो मीच बसवतो म्हणालो. जन्मभर फायली बांधल्या होत्या ना! पहिल्याच गाठीने दोरीचं मऊ कवच सोललं, आणि जावई सकाळी गिरणा धरणावर निघणार.

धावत सराफ बाजारात, दागिने ओवणाऱ्या नाना पटवेकऱ्यांकडे गेलो. त्यांनी बिघडलेलं टोक कापलं, दोरी दुमडून वर रेशमाचे वेढे घातले. गाठ नाही, ओरखडा नाही. मी दोन्ही हातांनी ओढलं, फास हलेना.

"मासा तोडणार नाही ना?"

"भाऊ, मासा कितला वढी? मंगळसूत्रले तान्ही पोरं लोंबकळतस!"

जावई बघतच राहिला. "बाबा, तुम्ही केलंत?"

नोकरीत दुसऱ्यांच्या कामाखाली खुशाल सह्या ठोकल्या. इथे मात्र नानांचं नाव सांगितलं.