हळदीचा अंगठा

…सोमवारच लिवा, भाऊ. तारखेचा कागद सोमवारी मिळाला — मी सांगते तसं टाइप करा. माझा प्रणित न्हावा शेव्याला ट्रेलरवर असतो, त्याची बायको हेतल घर सोडून रोडपालीला ऱ्हायला गेली, आन पोरगी — माझी नात रेवा, सात वर्षांची — आमच्याकडं. आता ह्या तुमच्या समोरच्या कोर्टानं हुकूम काढलाय, पोरगी शनिवारी आईच्या ताब्यात द्या. का, तर तारखेला आमच्याकडून कोणी उभंच ऱ्हायलं नाय. कसं ऱ्हाणार? बेलीफानं कागदच दिला तारीख उलटल्यावर. हां, हेच लिवा.

काय बघताय? ते कागदाच्या कोपऱ्यातलं पिवळं? वरण सांडलं असंल — नाय, पुसू नका, जाणार नाय ते, हळद हाय. धाकट्या हृतिकची हळद होती, दारात मांडव, धवलारीण लग्नाची गाणी गात होती, माझे हात कोपरापर्यंत माखलेले, आन हा बेलीफ पुढ्यात. तसाच अंगठा दिला. त्याच्याकडच्या पावतीवरपण तोच पिवळा अंगठा हाय. मांडवात कोर्टाचा कागद कोण उघडतं? देवाच्या पाटाखाली सारला, म्हटलं लग्न उरकलं की प्रणितला देईन —

उरकलं ना. नंतर तेरा दिवस होते मधे. तारीख मला ठाऊक होती, भाऊ. मला कुठं वाचता येतं — रेवानंच वाचून दाखवली. “आजी, बारा तारीख.” तिला काय ठाऊक, कागद तिच्यासाठीच आलाय.

का नाय दिला? प्रणित म्हणायचा, आये, पोरीला आई पायजे. आठवडाभर तिकडं, रविवारी आपल्याकडं, एवढंच जजसायबाला सांगतो. मला रविवार नको होता. मला पोरगी पायजे होती. म्हटलं, तारीख गेली की कटकट गेली — आपण गेलो नाय तरी कोर्ट निकाल देतं, हे मला कोण सांगणार? आता रविवारपण गेला. प्रणित बेलीफाला शिव्या देतो न मी मान डोलावते. भीती वाटते, भाऊ. लई भीती वाटते.

खरं लिवलं तर परत ऐकतील? ऐकतीलच असं नाय… पण ऐकूपण शकतील, म्हणता.

खोडा मग सोमवार. लिवा — कागद प्रणितच्या आईनं लपवला. प्रणितला वाचायला लागंल ना हे? वाचू दे.

ते शाईचं डबडं ठेवा तिकडं. अंगठा नाय, सही करते. रेवानं शिकवलीय. सरका जरा, उजेड अडवताय.