सखाराम पेंटरचा रस्ता

कोमल : हनुमंतभाऊ, दोरी वाशाला पक्की बांधलीत ना? मग सोडा आता. हळूहळू.

हनुमंत : टेन्शन नका घेऊ मॅडम, डेपोत याच्यापेक्षा जड माल उतरवतो आम्ही. आये, तू बाजूला सरक. धूळ लय हाय.

भागुबाई : असू दे. गावातली नाटकं थांबली, तवापास्नं पुरा उलगडल्याला न्हाई ह्यो पडदा.

कोमल : मावशी, लोणावळ्यात मला सखाराम पेंटरच्या दुकानांच्या पाट्या मिळाल्या. चिक्कीच्या डब्यावरचं चित्रही मिळालं. पडदा मात्र कुठेच नव्हता. आपल्याकडच्या जुन्या रंगाऱ्यांचं प्रदर्शन आहे शनिवारपासून, त्यात हा मधोमध लावायचाय.

हनुमंत : न्या की. टेम्पोबी सांगून ठेवलाय मी. इथं माळ्यावर उंदरं खातील.

भागुबाई : मी अजून व्हय म्हणले न्हाई, हणम्या.

कोमल : मला वाटलं होतं दरबार असेल. हा तर रस्ता आहे.

भागुबाई : रस्त्याचाच पडदा. नाटकात परधान आन् शिपाई बोलत जात्यात न्हवं, त्यो. दुसऱ्या गावांच्या पडद्यावर माड्या असायच्या, कंदील असायचं. सखारामाला म्हणलं, तसलंच काढ. त्यो देवळात मुक्काम टाकून बसला आन् आमचीच आळी काढली.

कोमल : असं का?

भागुबाई : म्हणला, राजाचा रस्ता कुटं बघितलाय मी? ह्यो रोज दिसतोय. लोकं लय हसली. परधान आमच्या गोठ्यापुढनं निघाला की पोरं वरडायची, आदी म्हशीला मुजरा करा.

हनुमंत : मग धरण झालं.

भागुबाई : आळी पाण्याखाली गेली. पडदा तेवढा कामशेतला आला आमच्यासंगं.

कोमल : हे निळं दार कुणाचं?

भागुबाई : आमचं. पर खरं दार निळं नव्हतं. सखारामाकडं निळा उरलावता, त्यानं लावला. चित्रात बरं दिसतंय म्हणून ह्यांनी मागनं खरं दारबी निळं करून घेतलं.

कोमल : रंग सरसात, म्हणजे पाण्यात विरघळणाऱ्या खळीत, कालवलेला दिसतोय. ओला फडका लागला तरी सुटेल. मी कोरड्या ब्रशनेच साफ करीन.

भागुबाई : ह्यालाबी पाणी सोसत न्हाई व्हय?

कोमल : नाही, मावशी.

भागुबाई : हं.

कोमल : आणि इथे, निळ्या दाराच्या मधोमध, फाटलंय. वरून खालपर्यंत. मागून पातळ कापड लावून शिवून घेते. कळणारही नाही.

भागुबाई : गुंडाळ रं, हणम्या.

हनुमंत : आये, टेम्पो येतोय.

भागुबाई : येऊ दे, जाऊ दे. न्हाई द्यायचा मला.

कोमल : मावशी, माझं काही चुकलं का?

भागुबाई : फाटल्यालं न्हाई त्ये. नाटकवाल्यांना यायाजायाला सखारामानं कात्रीनं कापलंय. राजा, राणी, राक्षस, समदी आमच्याच दारातनं यायची. मी मागं पाण्याची कळशी घेऊन बसायचे. त्ये शिवलंस तर मी घरात शिरू कुटनं?

कोमल : थांबा, बघू द्या. हो. कडा आत दुमडून शिवल्यात. किती बारीक टाका आहे.

भागुबाई : माझाच हाय. उसवू नये म्हणून घातलावता.

कोमल : मग चित्राखाली सखारामबरोबर तुमचंही नाव लिहायला हवं.

भागुबाई : नाव नगं. दार उघडं ऱ्हाऊ दे.

कोमल : राहील. आणि उंच टांगणार नाही, असाच जमिनीला टेकवून लावीन. कुणालाही आत जाता येईल.

हनुमंत : आये, एक विचारू? मला घर आठवतं ना, त्या दारापुढं एक पिवळी कोंबडी असती. ही बघ, चित्रात पण हाय.

भागुबाई : कोंबडी सखारामाची. आपल्याकडं नव्हती कदी.

हनुमंत : म्हंजे मला घर आठवतच नाही. हा पडदाच आठवतोय.

भागुबाई : तू लय बारका व्हतास रं. … बाई, न्या पडदा. टेम्पो येईस्तवर जरा दम धरा.

कोमल : सावकाश, मावशी.

(भागुबाई निळ्या दारातून पलीकडे जाते. पडदा हलून पुन्हा स्थिर होतो.)

हनुमंत : आये? मी येऊ?

भागुबाई : वाकून ये. चौकट ठेंगणी हाय.