जळका टोस्ट आणि हॅटीचं गणित

...नाही, तुम्हीच सांगा, अकरा वर्षांची पोर एका सकाळी किती प्रश्न सोडवते यावरून ती सोळाव्या वर्षी काय दिवे लावणार, हे ठरवायचं? आमच्या शाळेत ठरवतात. सप्टेंबरच्या पहिल्याच आठवड्यात पायाभूत चाचणी, कशासाठी, तर प्रत्येकाची कुवत ओळखून त्याला तिथवर पोचवायला. हेतूला कोण नावं ठेवतंय... पण त्या दिवशी स्टाफरूममध्ये कुणीतरी टोस्ट जाळला. आगीची घंटा झाली, आणि मी, सव्वीस वर्षं गणित शिकवणारा शहाणा डकवर्थ, नियमाप्रमाणं सगळे संगणक बंद करून तीस पोरं पावसात मैदानावर उभी केली. परत येऊन बघतो तर चाचणी संपलेली. साठातले वीस प्रश्न सुटलेले, उरलेले चाळीस चूक धरलेले, आणि त्यावरून संगणकानं प्रत्येकाचा सोळाव्या वर्षापर्यंतचा आलेखही काढून ठेवलेला.

मी त्याच दिवशी सांगितलं, बरं का. आमच्या उपमुख्याध्यापिका ऑर्मरॉडबाई, पडद्यावरची नजर न हलवता म्हणतात कशा, "डकवर्थ, आलेख खोटं बोलत नाही."

झालं. वर्गावर शिक्का बसला तो बसलाच.

त्या वर्गातली हॅटी ग्रिमशॉ, चार वर्षांनी आता शेवटच्या वर्षाला आलेली. मागच्या बाकावर बसते, तासाला चोरून चिप्स खाते, आणि मी फळ्यावर चुकलो की नुसती भुवई उचलते, चारचौघांत बोलत नाही. गुणी पोर. तिला पुढं गणितच घ्यायचंय. त्याला सोळाव्या वर्षीच्या परीक्षेत नऊपैकी श्रेणी लागते सात. पण आलेखात हॅटीची कुवत तीन, म्हणून तिला सोपा पेपर, आणि सोप्या पेपरात सगळंच्या सगळं बरोबर आलं तरी पाचाच्या वर मिळतच नाही.

"सर, मला अवघड पेपर द्या ना."

"बघतो हं."

बघतोय काय, कपाळ... गेलो बाईंकडे. म्हटलं, चाचणी पुन्हा घेऊ. बाईंनी दार लावलं, बिस्किटांचा डबा पुढं सरकवला. "अहो, त्या वर्गाकडून अपेक्षा तिनाची, मिळवतील पाच. केवढी प्रगती दिसते शाळेची. पुन्हा घेतली की अपेक्षा जाणार सातावर, मग आपण कुठं?"

"आणि हॅटी कुठं?"

"हॅटी आलेखाच्या वर. आलेख खोटं बोलत नाही."

मी बिस्कीट खाल्लं. तुम्हाला सांगतो, तेवढंच केलं.

ऑगस्टात निकाल लागला. हॅटीला पाच. एक उत्तर चुकलं नव्हतं. शाळेनं जाड कागदावर प्रमाणपत्र दिलं, 'अपेक्षेपेक्षा दोन पायऱ्या वर'. तिनं वाचलं, घडी घातली, म्हणाली, "सर, तुम्ही बघणार होतात ना?" आवाजात राग नव्हता, असता तर बरं झालं असतं. मला रडू यायला हवं होतं, निदान लाज तरी. काहीच आलं नाही. हातातला चहा गार झालाय, एवढंच कळलं.

काल नव्या वर्षाची सूचना लागली फलकावर. मंगळवारी दहा वाजता नव्या मुलांची पायाभूत चाचणी. मंगळवारीच, दहा वाजून वीस मिनिटांनी, आगीच्या घंटेचा सराव. संगणक बंद करण्याची जबाबदारी... डकवर्थ. अनुभवी माणूस म्हणून. खाली सही मागितली होती, करून टाकली.